मुलांना पर्यावरण मोजू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन जवळ आला की मुलांसाठी चित्रकला, घोषवाक्ये आणि रोप लावतानाची छायाचित्रे यांचा हंगाम सुरू होतो. १९७३ पासून हा दिवस पाळला जातो आहे, त्यामुळे त्याचा साचाही पक्का झाला आहे. त्यात वाईट काही नाही. मात्र ‘पाणी वाचवा’ असे सुरेख रंगवलेल्या मुलाला, गळक्या नळातून दिवसाला किती पाणी जाते, असे विचारले तर ते गप्प बसते. त्याला ते कोणी मोजायला लावलेलेच नसते. आम्ही काही जण मुलांच्या विज्ञान शिक्षणाचे काम करतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे: पर्यावरण मोजून शिकवावे, आणि प्रयोग कुठे फसतो हे शिकवणाऱ्याला आधी ठाऊक असावे. हे दुसरे अधिक महत्त्वाचे, कारण शाळांमध्ये चाललेले काही ‘पर्यावरणाचे प्रयोग’ चुकीचे विज्ञान शिकवतात.

गळक्या नळापासूनच सुरुवात करू. नळाखाली भांडे ठेवून दहा मिनिटे पाणी गोळा करावे, बिनसुईच्या सिरिंजने मोजावे आणि १४४ ने गुणावे. दिवसात दहा-दहा मिनिटांचे १४४ भाग असतात. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. थेंब ०.०५ मिलीचा धरला तर ४.३ लिटर होतात आणि ०.२५ मिलीचा धरला तर २१.६ लिटर. तक्त्यांवर छापलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे. आठवीतल्या मुलाला हे स्वतः शोधून काढता येते, आणि त्यानंतर ते कोणताही छापील आकडा जरा संशयाने वाचू लागते. आमच्या मते निम्मे पर्यावरण शिक्षण इथेच झाले.

वर्षभर चालवण्यासारखा एकच उपक्रम निवडायचा असेल तर आम्ही पर्जन्यमापक सुचवू. बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा खोचायचा, ही कृती सर्वांना माहीत असते, आणि ती बहुधा दोन ठिकाणी चुकते. पहिली गोष्ट, प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, त्यामुळे तळापासून पट्टी लावली की पहिले एक-दोन सेंटिमीटर खोटे निघतात. तळात बारीक खडे घालून वर पाणी भरावे आणि बाटली जिथून सरळ होते तिथे शून्याची खूण करावी. दुसरी चूक मोठी आहे. नरसाळे रुंद आणि बाटली अरुंद असेल तर उंची मोजून चालत नाही. १० सेंमी व्यासाच्या नरसाळ्यातून ७ सेंमी व्यासाच्या बाटलीत पडलेला पाऊस दुपटीने फुगलेला दिसतो. त्यापेक्षा पाणी मिलीमध्ये मोजावे, दहाने गुणावे आणि नरसाळ्याच्या तोंडाच्या चौरस सेंटिमीटरमधल्या क्षेत्रफळाने भागावे. उत्तर मिलिमीटरमध्ये येते. १० सेंमी व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे १०० मिली पाणी जमले तर पाऊस १२.७ मिमी. या रीतीत बाटलीचा आकार कसाही असला तरी बिघडत नाही.

जागा निवडताना भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवावा. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर असावे, नाहीतर उडालेले शिंतोडेही पावसात जमा होतात. गच्चीच्या कठड्याला लागून ठेवलेला मापक वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कमी-जास्त दाखवतो. नोंद रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी घ्यावी आणि लगेच पाणी ओतून टाकावे, कारण साचलेल्या पाण्यात डासांची पैदास आठवड्याभरात होऊ शकते. वहीत लिहिण्याचा एक नियम आम्ही कटाक्षाने पाळायला सांगतो. पाऊस पडला नाही तर ‘०’ लिहायचे, आणि मोजायचे राहून गेले तर ‘नोंद नाही’ असे लिहायचे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रविवारी कोणी आले नाही आणि सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले, तर ‘दोन दिवसांचे मिळून’ अशी नोंद करावी. निम्मे-निम्मे वाटून वही नीटनेटकी करू नये. १९९५ पासून चालू असलेल्या ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय शालेय कार्यक्रमात अनेक देशांतली मुले अशाच ठरलेल्या पद्धतीने हवामानाच्या नोंदी करतात. पद्धत एक असल्यामुळेच एका शाळेचा आकडा दुसऱ्या शाळेच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

आकडे जमू लागले की गणित आपोआप पुढे सरकते. १ चौ. मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौ. मीटरच्या छपरावर २० मिमी पाऊस पडला तर १,००० लिटर. छप्पर भिजणे, पन्हळीतून सांडणे आणि बाष्पीभवन यांत काही जाते, ते किती हेही मोजता येते. ‘पावसाचे पाणी अडवा’ हे वाक्य या गुणाकारानंतर सांगावे, आधी नव्हे.

हेच पाणी जमिनीत किती मुरते, हे दोन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या डब्याने पाहता येते. डबा मातीत ५ सेंमी ठोकावा, २५० मिली पाणी ओतावे आणि ते जिरायला लागणारा वेळ नोंदवावा. पायांनी तुडवलेले मैदान, गवताची जागा आणि झाडाखालची पालापाचोळ्याची जमीन या तिन्ही ठिकाणच्या वेळांत मोठा फरक पडतो. पहिले ओतणे नेहमी फसवे असते, कारण कोरडी माती अधाशासारखे पाणी ओढते. म्हणून एकदा ओतून जिरू द्यावे आणि दुसऱ्या वेळचा आकडा धरावा. डब्याच्या कडेने पाणी बाहेर झिरपले तर तो आकडा बाद करावा.

आता ज्या प्रयोगाबद्दल मुख्यतः हे पत्र लिहिले, त्याकडे येतो. दोन बाटल्या घ्यायच्या, एकीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड भरायचा, दोन्हींवर दिव्याचा प्रकाश पाडायचा आणि तापमापी पाहायची. कार्बन डायऑक्साइडची बाटली जास्त तापते आणि ‘पाहा, हाच हरितगृह परिणाम’ असे सांगितले जाते, म्हणजे हवेतले काही वायू तापलेल्या जमिनीकडून निघणारी उष्णता शोषतात आणि पृथ्वी उबदार राहते तो परिणाम. हा निष्कर्ष चुकीचा आहे. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. भांड्याच्या तळाशी तो बसून राहतो, वरच्या हवेत सहज मिसळत नाही, आणि त्यामुळे तापलेला वायू वर जाऊन उष्णता बाहेर टाकण्याचे काम मंदावते. त्याच भांड्यात आर्गॉन भरला तरी जवळपास तेवढेच तापमान वाढते. आर्गॉनही हवेपेक्षा जड आहे, पण अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) शोषून घेणे त्याला जमत नाही, म्हणजे तो हरितगृह वायू नव्हे. २०१० मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी हे तपासून प्रसिद्ध केले आहे. तरीही हा प्रयोग शिकवला जातोच आहे, कारण त्याचे उत्तर ‘बरोबर’ येते.

शिवाय त्यात लहान फसगती बऱ्याच आहेत. सोडा आणि व्हिनेगर यांची क्रिया उष्णता शोषते, म्हणून वायू त्याच बाटलीत तयार केला तर ती सुरुवातीला दुसरीपेक्षा थंड असते. स्वस्तातल्या दोन तापमापी एकाच पाण्यात बुडवल्या तरी त्यांच्यात एखाद्या अंशाचा फरक असू शकतो. दिवा दोन बोटे इकडे-तिकडे झाला तरी वाचन बदलते. या प्रयोगाचा एकच चांगला उपयोग आम्हाला दिसतो. मोठ्या मुलांकडून तो करून घ्यावा, मग तापमापींची अदलाबदल करायला सांगावी, बाटल्यांच्या जागा बदलायला सांगाव्यात, आणि ‘तापमान वाढले ते आपण म्हणतो त्याच कारणाने, हे कशावरून?’ असे विचारावे.

मग हरितगृह परिणाम शिकवायचा कसा? इतिहासातून आणि आलेखातून. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले, आणि वातावरणात हा वायू अधिक असेल तर पृथ्वी अधिक उष्ण असेल, असे त्यांनी मांडले. सूर्याकडून थेट आलेली उष्णता आणि तापलेल्या जमिनीकडून परत निघणारी उष्णता यांची फोड मात्र त्यांच्या उपकरणाला करता येत नव्हती. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी कोणता वायू उष्णतेचे किती किरण शोषतो हे वेगळे काढून मोजले. उपकरण काय दाखवते आणि काय दाखवू शकत नाही, हा धडा मुलांना यातून आयताच मिळतो.

पुढचा भाग आलेखाचा. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. तिथले दरमहाचे आकडे सर्वांना खुले आहेत. मुलांनी आलेखाच्या कागदावर हाताने पाच वर्षांचे साठ बिंदू मांडावेत. रेषा सरळ न चढता दातेरी चढते हे त्यांना दिसते: दर वर्षी मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दरी. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, म्हणून वनस्पतीही जास्त. त्या उन्हाळ्यात वायू ओढून घेतात आणि थंडीत पानगळ व कुजणे यांतून तो परत हवेत जातो. उभा अक्ष शून्यापासून घेतला तर हे दाते जवळजवळ दिसेनासे होतात आणि थेट शेवटच्या काही भागांपुरता घेतला तर चढ भयंकर वाटतो. दोन्ही आलेख काढायला लावावेत. आकडे तेच असताना चित्र कसे बदलते, हे मुलांना पुढे वर्तमानपत्र वाचतानाही उपयोगी पडेल. (आपण रागावणार नाही अशी आशा आहे.)

वर्गात हवेचा मीटर आणणार असाल तर एक खबरदारी घ्यावी. स्वस्त उपकरणांपैकी काही कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ती हवेतल्या इतर बाष्पांवरून अंदाज बांधतात आणि पडद्यावर तो आकडा ‘सीओटू’ म्हणून दाखवतात. हाताला सॅनिटायझर लावून जवळ नेल्यावर आकडा एकदम उसळला तर उपकरण अंदाजवाले आहे असे समजावे. अवरक्त शोषणावर चालणारा संवेदक असलेले उपकरणच घ्यावे. ते मोकळ्या हवेत नेले की ४२० च्या आसपास यायला हवे. खिडक्या बंद केलेल्या भरल्या वर्गात हाच आकडा तासाभरात १,५०० च्या पुढे जाऊ शकतो. खिडक्या उघडल्यावर तो किती मिनिटांत उतरतो, हे मोजण्यात मुलांना विशेष रस वाटतो.

समुद्रपातळीचा बर्फाचा प्रयोग त्या मानाने प्रामाणिक आहे, फक्त मापे नीट घ्यायला हवीत. दोन सारख्या सरळ भिंतीच्या बरण्या घ्याव्यात. एकीत बर्फ पाण्यावर तरंगू द्यावा. दुसरीत पाण्याबाहेर डोके काढलेल्या दगडावर ठेवावा. बर्फ ठेवून झाल्यावर लगेच दोन्हींच्या पातळीची खूण करावी. तरंगणारा बर्फ वितळून पातळी बदलत नाही, कारण त्याने आधीच आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारलेले असते. दगडावरचा वितळला की पातळी चढते. फसते ते इथे: रुंद भांडे आणि दोनच खडे घेतले तर वाढ एक-दोन मिमी होते आणि पेनाची खूणच तेवढी जाड असते. ८ सेंमी व्यासाच्या बरणीत १०० ग्रॅम बर्फ घेतला तर वाढ सुमारे २० मिमी होते, ती कोणालाही दिसते. दुसरी चूक म्हणजे पाणी कमी असल्याने पहिल्या बरणीतला बर्फ तळाला टेकतो. टेकलेला बर्फ तरंगत नसतो, आणि मग तीही पातळी चढते. यावरून ध्रुवीय समुद्रावरचा तरंगता बर्फ आणि ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक सांगता येतो. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. मिठाच्या पाण्यात हाच प्रयोग केला तर तरंगता बर्फही पातळी किंचित वाढवतो, कारण वितळलेले गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. हे मात्र वरच्या वर्गांसाठी राखून ठेवावे.

बर्फाइतकेच महत्त्व पाण्याच्या प्रसरणाला आहे, आणि ते बहुतेकदा शिकवायचे राहून जाते. अर्धा लिटरची काचेची बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरावी, बुचातून ५ मिमी आतील व्यासाची पारदर्शक नळी खोचावी, फट मेणाने बुजवावी आणि बाटली कोमट पाण्यात ठेवावी. पाणी २५ वरून ४५ अंशांवर गेले की नळीतली पातळी सुमारे १५ सेंमी चढते. प्लॅस्टिकची बाटली घेऊ नये, कारण ती स्वतःच फुगते आणि परिणाम खाऊन टाकते. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तोही घात करतो. १० मिली हवा एवढ्या तापमानवाढीत एकटीच नळीतले पाणी ३ सेंमीहून अधिक ढकलते, आणि आपण ते पाण्याचे प्रसरण समजून बसतो. पातळी लगेच चढली नाही म्हणून घाई करू नये. आतले सगळे पाणी तापायला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

कचऱ्याकडे वळू. ‘काय कुजते, काय कुजत नाही’ हे पुरून पाहण्याचा प्रयोग लोकप्रिय आहे आणि तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने वाया जातो: काय कुठे पुरले हे कोणाला आठवत नाही. काठ्या रोवाव्यात, त्यांवर क्रमांक घालावेत आणि नकाशा वहीत काढावा. वाळलेले पान, वर्तमानपत्राचा कागद, सुती कापड, पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणि ‘विघटनशील’ असा शिक्का असलेली पिशवी, यांचे १० बाय १० सेंमीचे तुकडे नायलॉनच्या जाळीत बांधून १५ सेंमी खोल पुरावेत. सुती जाळी वापरली तर आधी जाळीच कुजते. सारखे उकरून पुन्हा पुरण्यापेक्षा तीन संच पुरावेत आणि चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्याला एकेक काढावा. चौथा संच कोरड्या डब्यात तुलनेसाठी ठेवावा. माती ओलसर राहिली पाहिजे. कोरड्या मातीत तीन महिन्यांनंतरही कागदावरचा मजकूर वाचता येतो, आणि मुले ‘कागद कुजत नाही’ असे लिहून मोकळी होतात. वजन करण्याच्या भरीस पडू नये, कारण एक ग्रॅमपर्यंतच मोजणारा काटा पानापुढे निरुपयोगी असतो. चौकटींच्या कागदावर तुकडा ठेवून किती चौकटी शिल्लक उरल्या ते मोजावे.

‘विघटनशील’ पिशवी बाराव्या आठवड्यालाही बहुधा जशीच्या तशी निघते. शिक्का खोटाच असतो असे नाही. वनस्पतिजन्य पीएलए प्लॅस्टिक मोडायला सुमारे ६० अंश तापमान आणि ओलावा लागतो. एवढी उष्णता औद्योगिक खत प्रकल्पात मिळते, शाळेच्या बागेतल्या मातीत मिळत नाही. काही पिशव्यांचे तुकडे होतात, पण तुकडे झाले म्हणजे कुजले असे नव्हे. शिक्क्याखालची अट वाचायची सवय या एका प्रयोगाने लागते.

खताच्या बादलीबद्दल थोडक्यात. आकारमानाने दोन ते तीन भाग वाळलेला पाला आणि एक भाग ओला कचरा घ्यावा. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवावा, बादलीला बाजूंनी व तळाला भोके पाडावीत आणि आठवड्यातून एकदा ढवळावे. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा पोहोचत नाही; पाला घालून ढवळावे. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झाला आहे. मुंग्यांनी घर केले तर बादली कोरडी पडली आहे. खत ‘गरम होते’ असे सांगून मुलांना तापमापी देणाऱ्यांची मात्र निराशा होते, कारण ५०-६० अंश गाठायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. बादलीतली उष्णता कडेने निघून जाते. खत तयार झाले का, हे रंगावरून ठरवू नये. लवकर उगवणारे दहा दाणे खतमातीत आणि दहा दाणे साध्या मातीत टाकावेत. खतात निम्मेच उगवले तर ते अजून कच्चे आहे.

पालापाचोळ्यातले बारीक किडे-जीव पाहण्यासाठी नरसाळ्यावर जाळी, जाळीवर पाला आणि वर दिवा, ही बर्लेसे आणि टुलग्रेन या कीटकशास्त्रज्ञांची जुनी युक्ती आहे. उष्णता आणि कोरडेपणा टाळत जीव खाली सरकतात आणि ओल्या कागदावर पडतात. हल्ली हा प्रयोग फसतो तो एलईडी दिव्यामुळे: प्रकाश भरपूर, पण पाला वाळण्याइतकी उष्णता नाही. जुना तारेचा २५ ते ४० वॉटचा दिवा लागतो, तोही १५ सेंमी अंतरावर. जवळ आणला तर खाली पोहोचण्याआधीच जीव वाळून मरतात. मोजून झाले की त्यांना जिथून आणले तिथेच सोडावे.

काही गोष्टी मात्र मुलांच्या साधनांनी मोजता येत नाहीत, हे सरळ सांगावे. पेट्रोलियम जेली लावलेल्या पांढऱ्या कार्डावर आठवड्यात जमलेली धूळ भिंगाने मोजता येते, पण ती जाड धूळ असते. फुप्फुसात खोल जाणारे २.५ मायक्रॉनचे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागापेक्षाही लहान असतात, ते हातातल्या भिंगाला दिसत नाहीत. तसेच पावसाच्या पाण्याची आम्लता लिटमसने किंवा जास्वंदीच्या रसाने ठरवू नये. अगदी स्वच्छ पाऊसही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास सामू दाखवतो, आणि अशा जवळपास क्षाररहित पाण्यात कागदी पट्ट्या भरवशाच्या राहत नाहीत. ‘आम्ही आम्लवर्षा शोधली’ असे फलक विज्ञान प्रदर्शनांत लागतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ इथे असते.

वृक्षारोपणावर लिहावे तितके थोडेच. रोप किती लावले हा आकडा निरर्थक आहे. बारा आणि चोवीस महिन्यांनी किती जिवंत आहेत, हा खरा. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल असावा. पिशवी पूर्ण काढावी. हे सांगावे लागते, कारण पिशवीसकट लावलेली रोपे कमी नसतात. पिशवीत गोल गुंडाळलेली मुळे हाताने मोकळी करावीत किंवा छाटावीत, नाहीतर ती तशीच वाढत राहतात आणि काही वर्षांनी झाड वाऱ्याने उन्मळते. खोडाचा जिथे मुळांशी सांधा असतो तो भाग जमिनीच्या पातळीत राहावा. खोल गाडला तर खोड कुजते. पाल्याचे आच्छादन ५ ते ८ सेंमी जाड असावे, पण खोडापासून वीतभर दूर. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा १० लिटर सावकाश द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. आणि रोपे सर्वांत जास्त मरतात ती सुट्टीत, म्हणून पाण्याची पाळी सुट्टी लागण्याआधी ठरलेली असावी. प्रत्येक रोपाला क्रमांक द्यावा आणि दर तीन महिन्यांनी उंची व जमिनीपासून १० सेंमीवरची खोडाची जाडी नोंदवावी. मेलेल्या रोपांच्या ओळी खोडू नयेत. कारण लिहावे: पाणी, गुरे, वाळवी की तुडवणे.

‘झाड लावा, हवामान वाचवा’ या वाक्याचे गणितही मुलांनीच करावे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. कोरडे वजन दोन किलो असलेल्या झाडाने हवेतून सुमारे ३.७ किलो वायू घेतलेला असतो. एक लिटर पेट्रोल जाळले की २.३ किलो बाहेर पडतो. म्हणजे ते अख्खे झाड दीड लिटरभर पेट्रोलच्या बरोबरीचे झाले. झाड सावली देते, माती धरते, पाखरांना जागा देते, ही कारणे लावायला पुरेशी आहेत. त्याच्यावर न पेलणारे ओझे टाकण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न वयाचा. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रलयाची चित्रे दाखवण्यात आम्हाला काहीही शहाणपण दिसत नाही. त्या वयात किडे, ढग, माती, पाने पाहणे आणि एखादी वही ठेवणे पुरे. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली, तीत ५९ टक्के जण हवामानबदलाने फार किंवा अतिशय काळजीत असल्याचे आढळले. काळजी खोटी नाही, पण मुलांना सुटलेले प्रश्नही माहीत असायला हवेत. पूर्वी फ्रिज आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू, सूर्याचे अतिनील किरण अडवणाऱ्या ओझोनच्या थराचा नाश करू शकतात, हे रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. अंटार्क्टिकावरचे त्या थरातले छिद्र १९८५ मध्ये जाहीर झाले. या वायूंना आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो थर वर्षानुवर्षे चिकाटीने कोणीतरी मोजत होते, म्हणूनच छिद्र सापडले.

आपल्याला एक विनंती. मुलांच्या पुरवणीत घोषवाक्यांच्या स्पर्धेला मिळते तेवढीच जागा दर महिन्याला मुलांच्या नोंदींना द्यावी. कोणत्या दिवसांचा पाऊस, कोणत्या साधनाने मोजला, नरसाळ्याचा व्यास किती, कोणत्या दिवशी नोंद राहिली, लावलेल्या रोपांपैकी किती जगली, एवढे छापले तरी चालेल. बक्षीस नको. साधन आणि पद्धत लिहिलेली नसेल ती नोंद मात्र परत पाठवावी.

आपले,

विज्ञान शिक्षणाच्या कामातील काही वाचक